खालचा टप्पा

फाईना तेरेंत्येव्नाच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, असे मी पस्तीस वर्षे समजत आलो. समजत आलो म्हणजे काय, तर दर दोन-चार महिन्यांनी ते पत्र आठवायचे, आणि मग मी चहाचे पाणी ठेवायचो किंवा एखादे पुस्तक उघडायचो. उत्तर न दिलेली पत्रे सगळ्यांच्याच घरी असतात, असेही स्वतःला सांगायचो. पण गेल्या गुरुवारी कामगार क्लबच्या सभागृहात कोणीतरी माझ्या हातात धातूचा एक तुकडा ठेवला आणि तेव्हापासून चहाचा उपयोग होईनासा झाला आहे.

समारंभ आमच्या रॉकेटचा होता. एका रॉकेटचा नव्हे, सगळ्या कुळाचा. चार भावंडे होती ती. थोरले बुटके, त्यानंतरचे प्रत्येक थोडे लांब, थोडे अधिक ताकदीचे, आणि धाकटे इतके आज्ञाधारक की ते वर्षानुवर्षे हवामानाचे, टेहळणीचे, जहाजांना वाट दाखवणारे उपग्रह वर नेऊन ठेवत राहिले आणि शेवटी शेवटी त्याचे कुणाला कौतुकही उरले नाही. प्रत्येक एकदाच वापरायचे. आता ती बनत नाहीत. ज्या शेडमध्ये आम्ही त्यांच्या टाक्या जोडायचो तिथे न्हाणीघराच्या फरशा विकतात. तरी निवृत्तांच्या मंडळाने क्लबचे सभागृह मिळवले, कोबी भरलेल्या पिरोझ्की आल्या, टेबलांवर कार्नेशनची प्लास्टिकची फुले आली, आणि आम्ही चाळीसेक म्हातारे आपापली पदके लावून यंदाच्या बटाट्यांविषयी बोलत बसलो. मला अशा जागी काय बोलायचे ते कधीच सुचत नाही. मी भिंतीजवळची खुर्ची धरतो आणि कुणी पाहिले की मान हलवतो. मंडळाच्या अध्यक्षा रिम्मा ओसिपोव्ना, पूर्वी आमच्याकडे आराखड्यांच्या नकला काढायच्या, एकेकाचे नाव पुकारून भेटवस्तू देत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “वेनियामिन ल्वोविच, फोटो काढतायत, जरा हसा की. पेन्शन कापणार नाहीत त्याबद्दल.” लोक हसले. मीही ओठ ताणले. हातात लाकडी फळी आली. तिच्यावर तळहाताएवढा राखाडी पत्रा स्क्रूने बसवलेला, खाली पितळी पट्टीवर ‘कृतज्ञतेने’. पत्र्याची आतली बाजू वर होती, तिच्यावर कोरलेल्या चौकोनी घरांची जाळी होती. ती जाळी मी बोटांनी ओळखली. वजन कमी व्हावे आणि बळ राहावे म्हणून टाकीच्या पत्र्याला आतून तशी कोरीत. अशा हजारो घरांवरून मी बॅटरी धरून बोट फिरवले आहे.

“हे कुठून मिळालं?” मी विचारले.

“उत्तरेतून,” रिम्मा ओसिपोव्ना म्हणाल्या. “रॉकेटचे खाली पडलेले टप्पे तिकडचे लोक दलदलीतनं ओढून आणतात आणि भंगारात घालतात. आपल्याकडे नवा पत्रा कुठला? म्हटलं, आपलंच लेकरू आहे, येऊ दे घरी.”

मी फळी खुर्चीवर ठेवली आणि प्रसाधनगृहात गेलो. साबण तपकिरी, कपडे धुवायचा होता. मी हात धुतले. मनगटापर्यंत धुतले, मग नखांखाली, मग पुन्हा. मी काय करतो आहे हे मला कळत नव्हते, हात आपले आपण करत होते. शेजारच्या नळावर सावेली आला. तो आमच्या विभागातला वेल्डर; आता ऐंशीला टेकला आहे, पण आवाज तसाच शेडमधला.

“किती धुतोस, पंडित? ऑपरेशन करायचंय का कुणाचं?”

“त्या पत्र्याला हात लावला.”

“मग? मीही लावला. अरे, तीस वर्षं पावसात पडलेला पत्रा, वर ॲसिडनं घासून आणलाय. आता त्यात काय उरलंय?” त्याने हात झटकले. “तुझं आपलं पहिल्यापासून असंच. स्वतःच्या जिवाला फार जपतोस.”

तो वाईट अर्थाने बोलला नाही. पण मी नळ बंद केला आणि तसाच उभा राहिलो. बेसिनमध्ये फेस जिरत होता. धुतलेल्या, घासलेल्या, फळीवर बसवलेल्या पत्र्याला दोन क्षण हात लागला म्हणून मी दहा मिनिटे साबण चोळत होतो. म्हणजे मला माहीत होते. माझ्या कातड्याला माहीत होते. आणि त्याच पत्र्याच्या पिंपात पाणी भरणाऱ्या एका बाईने मला विचारले होते की हे चांगले आहे का, तर तिला मी एक ओळ लिहिली नव्हती.

मी तपासनीस होतो. अंगाने बारीक, म्हणून झाकणातून आत सरपटत जायचे काम माझ्याकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. रॉकेटच्या आत माणूस शिरतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. आत शाळेच्या नव्या पाटीसारखा वास असतो आणि स्वतःचा श्वास भिंतीवरून परत येतो. बाहेर मला कुणाच्या डोळ्यांत बघून बोलता येत नसे. आत बरे वाटायचे. आमच्या विभागात एक रीत होती, कुठल्याही नियमपुस्तकात नसलेली. दोन टाक्यांच्या मधे एक कोरडा कप्पा असतो, त्यात इंधन नसते, नुसत्या तारा आणि नळ्या. त्याचे झाकण कायमचे बसवण्याआधी जो शेवटचा बाहेर यायचा तो पेन्सिलीने आतल्या भिंतीवर काहीतरी लिहून यायचा. वरचे लोक याकडे काणाडोळा करत. सावेली बायकांची नावे लिहायचा, दर खेपेला वेगळे, आपल्या बायकोचे सोडून. कुणी पोराच्या जन्माची तारीख लिही, कुणी शिवी. मला काहीच सुचायचे नाही. एवढी पुस्तके वाचली होती, पण भिंतीवर लिहावे असे स्वतःचे एक वाक्य नव्हते. म्हणून मी जे कागदावर रोज लिहायचो तेच लिहिले: तपासले, योग्य. खाली पूर्ण नाव, आणि कारखान्याचा पत्ता. आमच्या कारखान्याला पत्त्यात नाव नव्हते, नुसता टपालपेटीचा क्रमांक होता. तेव्हा वाटले होते, मी इथेच राहणार, पण माझे नाव तेवढे वर जाईल. किती हास्यास्पद. खालचा टप्पा वर जात नाही. दोन-सव्वादोन मिनिटे जळतो आणि गळून पडतो, वरचा पुढे निघून जातो. पडतो तिथे नकाशावर ‘निर्मनुष्य’ असे लिहिलेले असे. हे माझ्याइतके कुणाला माहीत होते? तरी पेन्सिल हातात असताना मी आकाशाचाच विचार केला, आणि नकाशावरचा शब्द खरा धरला. निर्मनुष्य प्रदेशात केल्दा नावाचे गाव होते. त्यात एकोणीस घरे होती, एक शाळा होती, आणि सामुदायिक गोठ्यावर दूध मोजणारी फाईना तेरेंत्येव्ना होती.

पत्र एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात आले. टपालपेटीवर आलेले प्रत्येक पत्र आधी सुरक्षा कक्षात फोडले जायचे. तिथे गेरासिम पाव्लोविच बसायचा. जाड, दमेकरी, स्वभावाने तसा खेळकर. त्याने मला बोलावले. काय गुन्हा झाला ते आठवत मी तीन मजले चढलो.

“बस,” तो म्हणाला. “एका बाईचं पत्र आलंय तुला. बायकोला सांगू नकोस.” मग त्याने ते मला वाचायला दिले आणि मी वाचत असताना सफरचंद सोलत बसला.

चौकटीच्या वहीचा कागद, गोल शाळकरी अक्षर. तिने लिहिले होते की मागच्या वसंतात आमचे ‘पिंप’ त्यांच्या दलदलीत पडले. तिचा नवरा येवलांपी आणि दीर ट्रॅक्टर घेऊन गेले, कापून आणले. लांब पत्र्याची होडी केली, फार हलकी झाली, सगळ्या नदीत तशी नाही. तळाच्या गोल भागाचे पाण्याचे पिंप केले, शरदात त्यातच दलदलीतली मोरोश्काची फळे भिजत घालतात. आत तुमचे नाव सापडले. पुरुष म्हणतात, कारखान्याच्या माणसाने तपासून आपल्या हाताने सही केली आहे, वाईट मालावर कोण नाव घालतो. पण मला वाटते तसे नाही. ते ओढून आणले त्या वाटेवर गवत उन्हाळ्यात पिवळे पडले. त्याला आधी कुजलेल्या मासळीचा वास होता. कापताना आमची कुत्री आतले चाटत होती, ती मेली. येवलांपीच्या हातांची साल निघते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. इथे माझे कोणी ऐकत नाही, तुमचे ऐकतील, कारण नाव तुमचे आहे. एका शब्दात लिहा, वापरू की नको.

“मासळीचा वास,” गेरासिम म्हणाला. “नाक तिखट आहे बाईचं.”

तो वास मला माहीत होता. कारखान्यात आम्ही टाक्या पाण्याने आणि हवेने तपासायचो, इंधन तिकडे उड्डाणतळावर भरत. पण एकदा मला तळावर पाठवले होते तेव्हा वाऱ्यावरून तो वास आला होता, आणि ज्यांनी रबरी पोशाख घातले होते त्या पोरांनी मला हाताला धरून अक्षरशः पळवत दूर नेले होते. हेप्टिल, आमच्या रॉकेटचे इंधन. टप्पा पडतो तेव्हा दोन-तीन बादल्या तळाशी उरतातच. ते यकृतात जाते.

“शेवट वाचलास?” गेरासिमने विचारले. शेवटी लिहिले होते की तुम्हाला लिहायची बंदी असेल तर नुसता रिकामा लिफाफा पाठवा, मी समजेन की वाईट आहे. “बघ की डोकं. आपल्या खात्यात हवी होती ही. तर रिकामा लिफाफासुद्धा जाणार नाही, कळलं? इथं सही कर.”

“तिची मुलगी आहे, गेरासिम पाव्लोविच.”

“माझ्या दोन आहेत. सही कर.”

मी सही केली. ‘पत्र दाखवण्यात आले, उत्तर देणार नाही.’ आणि मला सुटल्यासारखे वाटले, हे इथे लिहायला हवे. जिना उतरताना मी दुःखी नव्हतो. कुणीतरी माझ्या वतीने ठरवले होते. मला वाटते आमच्या पिढीतल्या भित्र्या माणसांना बंदीने जेवढे सुख दिले तेवढे कशानेच दिले नाही. बंदी होती तोवर आम्ही सगळे मनातून चांगले होतो.

ब्याण्णव साली सुरक्षा कक्ष रिकामा केला. गेरासिम स्वतः जाळायचे कागद पोत्यात भरत होता. मी फाटकाजवळ दिसलो तर त्याने हाक मारली. “घे तुझं प्रेमपत्र. आता लिही हवं ते, कुणी विचारत नाही.” त्याने ते माझ्या कोटाच्या खिशात कोंबले आणि खोकत पुढे गेला. मी ते घरी आणून लॉगॅरिदमच्या कोष्टकांच्या पुस्तकात ठेवले. निनेलला दाखवले. माझी बायको प्रसूतिगृहात परिचारिका होती, जीभ धारदार. तिने उभ्याउभ्या वाचले आणि म्हणाली, “बस आणि लिही. कागद देऊ का?”

“आता अकरा वर्षं झाली. तिला कळलं असेल एव्हाना. वर्तमानपत्रात येतंय सगळं.”

“एकोणीस घरांत कुठलं वर्तमानपत्र येतं, वेन्या?”

“उद्या लिहितो. नीट विचार करून.”

पुढे कितीतरी वर्षे ती मधूनच, भांडी विसळताना, पाठ न वळवता विचारायची, “तुझा तो उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो रे?” मग विचारेनाशी झाली. ते जास्त वाईट होते. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, “मला वाटायचं तू लाजाळू आहेस.” एवढेच. मी तिची उशी सरळ केली. तिला जाऊन सहा वर्षे झाली, आणि त्या वाक्याच्या पुढे काय होते ते मी रोज स्वतःच पुरे करतो. ते कधी माझ्या बाजूने पुरे होत नाही.

क्लबातून मी ट्रामने घरी आलो. फळी सभागृहातच राहिली होती. दुपारचे तीन वाजले होते, स्वयंपाकघरात ऊन होते. मी कोष्टकांचे पुस्तक काढले. पत्र मला पाठ आहे असे मी समजत होतो. पुस्तकी माणसाला तेवढा अभिमान असतो. म्हणून चोवीस वर्षे ते उघडले नव्हते. मी वाचत गेलो, होडी, पिंप, कुत्री, येवलांपीचे हात, सगळे ओळीने भेटत गेले. मग रिकाम्या लिफाफ्याचे वाक्य आले. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य होते. ते मला आठवत नव्हते. आजही शपथेवर सांगेन की मी ते कधी वाचले नाही, आणि तरी मी ते वाचले होते, त्या दिवशी, गेरासिमच्या समोर, कारण माझी सही आहे. ‘आणि काहीच आले नाही तर मी समजेन की घाबरण्यासारखे काही नाही, आणि मग मीही त्यांना अडवणार नाही.’

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकले होते. मी उत्तर दिले नाही असे म्हणतो आहे. दिले होते की. डिसेंबरात दिले, जानेवारीत दिले, टपाल घेऊन येणारी घसरगाडी केल्दाला जितक्या वेळा पोहोचली तितक्या वेळा दिले. वापरा, म्हणालो. येवलांपीला म्हणालो, बघ, तुझी बायको उगाच घाबरते. तिला म्हणालो, बाई, तुझ्या नाकावर विश्वास ठेवू नकोस. त्या गावात फक्त तिला कळत होते, आणि तिला गप्प मी केले. पस्तीस वर्षे मी ज्याला भित्रेपणा म्हणत आलो, आणि खरे सांगायचे तर थोडा गोंजारतही आलो, कारण भित्रा माणूस निदान कुणाचे वाईट करत नाही असे मला वाटायचे, ते तिकडे पिंपाशेजारी उभे राहून रोज बोलत होते. मुलगी सहा वर्षांची. आता एकेचाळीस. किंवा सहाचीच, किंवा नऊची.

तीन दिवस मी लिहीत होतो. पहिले उत्तर अकरा पानांचे झाले. त्यात गेरासिम होता, निनेल होती, त्या काळची परिस्थिती होती, मी लहानपणी कसा होतो तेही होते. वाचून पाहिले तर तिच्या प्रश्नाचे उत्तर नवव्या पानावर. फाडले. दुसऱ्यात मी क्षमा मागितली. चांगली मागितली, मला लिहिता येते. मग वाटले, पस्तीस वर्षांनी मी हिच्याकडे उलट काहीतरी मागतोच आहे. तेही फाडले. सोमवारी सकाळी जे उरले ते असे:

‘फाईना तेरेंत्येव्ना, टाकीत हेप्टिल नावाचे इंधन होते. ते विष आहे. त्या पत्र्याची होडी, पिंप, काहीही वापरू नका, आणि जाळू नका. ज्या वाटेने ते ओढून आणले तिथली फळे खाऊ नका. आत मी लिहिले होते ते टाकी गळत नाही एवढ्यापुरते होते. माणसांविषयी त्यात काही नव्हते. हे सगळे मला तुमचे पत्र आले त्या दिवशी माहीत होते. तुम्ही एक शब्द मागितला होता. तो शब्द नको असा होता. तुम्हाला बरोबर कळले होते. ज्यांनी तुमचे ऐकले नाही त्यांच्यापैकी कोणी असतील तर त्यांना हे वाचून दाखवा.’

‘वापरू नका’ लिहिताना हात थांबला होता. पस्तीस वर्षांनंतर वापरू नका. पण दुसरे क्रियापद सापडले नाही.

पोस्टात माझ्यापुढे दोघे होते. काउंटरवरच्या बाईने चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्ता वाचला. “केल्दा? तिथं आता पोस्ट नाही. बंद झालं. जिल्ह्याच्या गावाला जाईल, तिथनं कुणी त्या बाजूला निघालं तर.”

“माणसं आहेत ना तिथं अजून?”

“आजोबा, मी पोस्टात आहे, जनगणनेत नाही. साधं की रजिस्टर?”

“काय फरक पडतो?”

“साधं पोचलं तर पोचलं. नाही तर नाही, तुम्हाला कळायचं नाही. रजिस्टर परत येतं. का दिलं नाही ते लिहून.”

“काय लिहितात?”

“छापलेलंच असतं. पत्ता अपुरा, माणूस गाव सोडून गेला, घेण्यास नकार, मयत. एकावर खूण करतात.” तिने माझ्या मागच्या रांगेकडे पाहिले. “साधं टाकू?”

साधे टाकले असते तर मी आज संध्याकाळी चांगला माणूस झालो असतो. पत्र गेले, पोहोचले असेल, तिने वाचले असेल, नसेल तर टपालखात्याची चूक. मला ती वाट ओळखीची होती, तिचा प्रत्येक दगड ओळखीचा होता. तोंडातून ‘हो’ निघतच होते.

“रजिस्टर करा,” मी म्हणालो.

“मग मागं तुमचं नाव, पत्ता. ठळक लिहा, परत आलं तर सापडायला हवं.”

मी लिहिले. घराचा क्रमांक पुन्हा गिरवला. तिने लिफाफा वजनावर ठेवला, पट्टी चिकटवली, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि मागे न बघता पोत्यात टाकला.

“परत यायचं झालं तर किती दिवस लागतात?”

“दीड-दोन महिने. बर्फ लवकर पडला तर जास्त.” तिने पावती सरकवली. “तुम्ही असाल ना घरी?”

“असेन,” मी म्हणालो.